क्लचताई मास्तर शोधते

क्लचताई हे नाव तिला मी दिलेलं नाही. जे जे तिच्याकडे गाडी शिकले त्यांनी ते दिलं, कारण गाडी सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत तिचा एकच जप चालतो, "क्लच, क्लच, अहो क्लच दाबा!" बँकेचा मॅनेजर असो की भाजीवाली, तिच्या शेजारी स्टिअरिंगवर बसला की दोघांची पत सारखी. मॅनेजर जरा जास्तच शिव्या खातो, कारण तो मध्ये मध्ये इंजिनाबद्दल तिला माहिती सांगायला जातो.

आमची ओळख लायसन्सच्या ऑफिसाबाहेर झाली. तिथल्या दलालांविरुद्ध आम्ही गेट अडवून बसलो होतो. मी गळ्याच्या शिरा ताणून घोषणा देत होते. तेवढ्यात एक छोटी गाडी माझ्या गुडघ्यापाशी येऊन थांबली. टपावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी. डावीकडच्या खिडकीतून एक डोकं बाहेर आलं.

"ओ पुढारीणबाई, तुमचा मोर्चा जरा कडेला घ्या. माझ्या पोरीची टेस्ट आहे."

पोरगी म्हणजे स्टिअरिंगवर बसलेल्या, केस पिकलेल्या एक आजीबाई. शिकायला आलेली प्रत्येक बाई हिची पोरगीच.

मी म्हटलं, "तुमच्यासारख्यांसाठीच बसलोय आम्ही इथे. दलालाला पैसे चारल्याशिवाय टेस्ट पास होत नाही ना?"

"माझ्या पोरी पास होतात," ती म्हणाली. "गाडी चालवून होतात. सरका."

माझं डोकं सटकलं. तिचंही सटकलं होतं. आम्ही गेटपाशी असं काही भांडलो की दलालही चहा सोडून बघायला आले. आजीबाई पास झाल्या. संध्याकाळी क्लचताई परत आली आणि माझ्याशेजारी रस्त्यावर फतकल मारून बसली. म्हणाली, "आता बसते. आता माझं काम झालंय." तेव्हापासून आमचं जमलं.

ही गाडी आधी तिच्या नवऱ्याची होती. तो दुसऱ्या गावी नोकरीला गेला आणि तिथलाच झाला. मागे गिअरबॉक्स बिघडलेली गाडी आणि पहिलीतली मुलगी ठेवून गेला. क्लचताईने दोन्ही रस्त्याला लावल्या. टेस्टच्या मैदानावर बाकीचे मास्तर खिदळायचे, "बाईमाणूस काय शिकवणार?" ती त्यांच्यापैकी कुणाला उत्तर द्यायला गेली नाही. त्यांच्याकडे नापास झालेल्या बायका एकेक करून तिच्या गाडीत येऊन बसल्या आणि खिदळणं आपोआप बसलं.

तिच्या मुलीला घरात सगळे रेडिओ म्हणायचे. उठल्यापासून झोपेपर्यंत बडबड. हायस्कूलमध्ये भाषा निवडायची वेळ आली तेव्हा तिने स्पॅनिश घेतली, कारण बाकीचे वर्ग भरले होते. जागा होती म्हणून घेतली आणि मग तिच्यावर जीवच जडला. जेवताना स्पॅनिश, आंघोळ करताना स्पॅनिश, शेजारच्या मांजरीशी स्पॅनिश. तिला दुभाषी व्हायचं होतं. हॉस्पिटलात, कोर्टात, ज्याची भाषा समोरच्याला कळत नाही त्याच्या बाजूने उभं राहायचं. त्या कोर्सला प्रवेश हवा तर शेवटच्या वर्षाला स्पॅनिशचा अ‍ॅडव्हान्स पेपर लागतो. साधा पेपर घेतलेल्याचा अर्ज तिथे कुणी उघडूनही बघत नाही.

आणि त्याच वर्षी शाळेतल्या स्पॅनिशच्या मॅडम रजेवर गेल्या त्या आल्याच नाहीत.

शाळेने काय करावं? मास्तर शोधावा. शाळेने काय केलं? वर्गच बंद केला. अ‍ॅडव्हान्स घेतलेल्या मुलांना एकेकाला ऑफिसात बोलावून साध्या पेपरवर उतरवलं. बाकीची मुलं मुकाट उतरली. रेडिओ घरी आली आणि आईला म्हणाली, "मी सही केली नाही. तुला बोलावलंय."

क्लचताईने मला फोन केला. "पुढारीणबाई, उद्या सकाळी मोकळी आहेस का? तोंड उघडू नकोस, नुसती शेजारी बस. तू शेजारी असलीस की माणसं नीट बोलतात."

भाषा विभागाच्या प्रमुखबाईंच्या खोलीत फिकट निळे पडदे होते, टेबलावर काचेखाली वेळापत्रक होतं, आणि आम्हा तिघींसाठी दोन खुर्च्या होत्या. रेडिओ उभी राहिली.

प्रमुखबाई फार गोड बोलत होत्या. गोड बोलणाऱ्यांची मला आधीपासूनच ॲलर्जी आहे. "हे बघा, साधा पेपर घेतला तरी काही बिघडत नाही. मुलीवर उगाच ताण नको. घरचं वातावरण, तुमचं काम, सगळं मी समजू शकते."

'काही बिघडत नाही' हे वाक्य ज्याचं काही बिघडणार नसतं तोच म्हणतो. मी तोंड उघडणार तोच क्लचताईच्या चपलेने माझा पाय दाबला.

"माझ्या कामाचं काय समजता तुम्ही?" ती म्हणाली.

"म्हणजे... दिवसभर बाहेर असता तुम्ही."

"हो. रस्त्यावर असते. तुमच्या शाळेतल्या दोन मॅडम माझ्याकडेच गाडी शिकल्या. त्यातली एक वळताना डोळे मिटायची. तिला मी साधी सायकल घ्या म्हटलं नाही." ती पुढे वाकली. "शाळा शिकवत नाही, ठीक. मी शिकवणारा शोधते. पोरीचं नाव अ‍ॅडव्हान्सलाच जाईल."

प्रमुखबाईंचा गोडवा जरा पातळ झाला. नाव शाळेतूनच जातं, त्या म्हणाल्या, आणि कमी ग्रेड आली की शाळेचा निकाल खाली येतो. तेव्हा अट अशी: नावं पाठवायच्या आधी दुसऱ्या शाळेतल्या एका सरांना बोलावून तोंडी चाचणी घेऊ. त्यात निभावलं तर नाव जाईल. नाहीतर सही करायची.

"तोंडीच का?" मी विचारलं. पाय दाबला तरी विचारलं.

"कारण अ‍ॅडव्हान्सला मुलं तोंडीतच पडतात," प्रमुखबाई म्हणाल्या. "लेखी पाठांतरावर निघते. तोंडी नाही."

बाहेर आल्यावर क्लचताई म्हणाली, "तोंडी म्हणे! आपल्या रेडिओला!" आणि हसली. मीही हसले. रेडिओ मात्र हसली नाही.

मग सुरू झाली मास्तर शोधायची मोहीम. आता गंमत बघा. स्पॅनिशचा एक शब्द जिला येत नाही तिने स्पॅनिशचा मास्तर पारखायचा. कुणीही चार लोकांना विचारलं असतं, पाट्या बघितल्या असत्या. क्लचताईने ठरवलं, मी तासाला बसणार. "मला भाषा कळत नाही, शिकवणं कळतं. आणि पोरीचं तोंड कळतं. चुकली की ती कानाची पाळी ओढते. लहानपणापासूनची खोड आहे." तिचं एकच म्हणणं होतं: आधी एक तास, नंतर बोलणी. फुकट नको, तासाचे घ्या, पण मी कोपऱ्यात बसणार.

पहिला क्लास काचेच्या दाराचा. भिंतभर पहिल्या आलेल्यांचे फोटो, आत एसी, आणि टाय लावलेला एक तरुण. तो म्हणाला, "मॅम, टेन्शनच घेऊ नका. परीक्षक काय विचारणार हे आम्हाला माहीत असतं. सगळी उत्तरं तयार आहेत. मुलांनी फक्त पाठ करायची."

"माझ्याकडे एकजण आला होता," क्लचताई म्हणाली, "टेस्टचा रस्ता पाठ करून. कुठे वळायचं, कुठे थांबायचं, सगळं तोंडपाठ. टेस्टच्या दिवशी कुत्रं आडवं आलं."

"मग?"

"मग काय? कुत्र्याला पाठ नव्हतं."

टायवाला हसला नाही. आम्ही उठलो. जिना उतरताना मी म्हटलं, असल्या दुकानांविरुद्ध एक दिवस मी पत्रकच काढते. "काढ," ती म्हणाली, "पण आधी मास्तर मिळू दे."

दुसरा मास्तर स्क्रीनवरचा. मागे पुस्तकांचं कपाट, आवाज असा की ऐकत राहावं. बोलला, बोलला आणि बोललाच. मध्ये स्वतःच हसला, स्वतःच भारावला. अख्ख्या तासात रेडिओने तोंडातून काढलेला शब्द एकच, 'सी', म्हणजे हो, तोसुद्धा 'आवाज येतोय ना?' या प्रश्नाला.

क्लचताईने लॅपटॉप मिटला. "हा स्वतःच गाडी चालवतोय. पोरगी मागच्या सीटवर बसून खिडकीतून बघतेय."

तिसरा मास्तर टायरच्या दुकानावरच्या खोलीत राहायचा. कुठल्याशा कंपनीसाठी रेकॉर्ड केलेली स्पॅनिश बोलणी ऐकून ती टाइप करायचा. दिवसभर कानाला हेडफोन. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, एक पंखा आणि खालून येणारा रबराचा वास. शर्टाचं एक बटण दुसऱ्या काजात. त्याने रेडिओला काहीतरी विचारलं आणि गप्प बसला. रेडिओ बोलू लागली. कानाची पाळी ओढली. तो गप्प. पुन्हा ओढली. तो गप्प. ती अडली, लालबुंद झाली, आमच्या कोपऱ्याकडे बघू लागली. तो आपला गप्प, चेहऱ्यावर काही नाही, पंखा फिरतोय. तास संपता संपता त्याने एकच गोष्ट सांगितली, तीही हळू आवाजात.

जिन्यात क्लचताईचा बांध फुटला. "झोपला होता की काय हा? पोरगी सरळ खड्ड्यात जात होती आणि हा बघत बसला! मौनीबाबा! याला मी माझी सायकलसुद्धा धरायला देणार नाही."

"आई, हळू बोल ना," रेडिओ म्हणाली. "मला ते बरे वाटले."

"तुला काय कळतंय?"

आणि चौथ्या बाईंना आम्ही पट्टीबाई नाव ठेवलं, कारण त्यांचं सगळं पट्टीने आखल्यासारखं. नावाजलेल्या, निवृत्त, कडक इस्त्रीच्या. हातात पेन्सिल. रेडिओने तोंड उघडलं, पहिली चूक झाली आणि पेन्सिल टेबलावर वाजली, टक. "पुन्हा." पुन्हा तोंड उघडलं. टक. "लिंग." टक. "काळ." टक. "उच्चार." एकही चूक त्या बाईच्या हातून सुटली नाही. तास संपला तेव्हा क्लचताईचा चेहरा उजळला होता.

"ही खरी मास्तरीण," ती मला म्हणाली. "हिचा पाय ब्रेकवर आहे."

मलाही पटलं. कबूल करते, मीच आग्रह धरला की लगेच सुरू करा. मला कडक माणसं आवडतात. गोड बोलून पोरांना खाली उतरवणाऱ्यांपेक्षा तोंडावर चूक सांगणारा केव्हाही बरा, असा माझा हिशोब होता.

पुढे काय झालं ते आम्हा दोघींच्या डोळ्यांसमोर झालं आणि दोघींनाही दिसलं नाही. रेडिओचं लेखी सुधारलं. वह्या स्वच्छ झाल्या. पण जेवताना स्पॅनिश गेली, मांजरीची स्पॅनिश गेली. मग मराठीही कमी झाली. मी घरी गेले की पूर्वी ही दारातच माझा ताबा घ्यायची, "मावशी ऐक ना, मावशी काय झालं माहितेय." आता "आलात? बसा." मला अहोजाहो! मी क्लचताईला म्हटलं, "पोरगी मोठी झाली हं." ती म्हणाली, "अभ्यासाचं वळण लागलं." आम्ही दोघी आंधळ्या.

तोंडी चाचणीच्या दिवशी दुसऱ्या शाळेचे सर आले. जाड भिंगाचा चष्मा, दमलेला चेहरा. रेडिओ आत गेली. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे आम्हाला बाहेर ऐकू येत होतं. सरांचा प्रश्न. मग शांतता. मग रेडिओचे दोन शब्द. मग शांतता. सरांनी पुन्हा, सोपं करून विचारलं असावं. एक शब्द. शांतता. तिथे पेन्सिल नव्हती, टेबलावर कुणी टकटक करत नव्हतं, तरी पोरगी प्रत्येक शब्दाआधी टक ऐकू येण्याची वाट बघत होती.

प्रमुखबाई दारात आल्या, चेहऱ्यावर तोच समजूतदारपणा. "मी म्हटलं होतं ना."

माझा स्फोट झाला. मी म्हटलं, शाळेने मास्तर दिला नाही, वर्ग बंद केला, आणि वर चाचणी घेऊन पोरगी नापास म्हणता? दुसरी संधी मिळाली नाही तर मी उद्यापासून या कॉरिडॉरमध्ये सतरंजी टाकते, आणि मी एकटी येत नाही हे या गावात सगळ्यांना माहीत आहे. प्रमुखबाईंना माहीत होतं. नावं पाठवायला अजून अवकाश होता. अजून एक चाचणी, त्या म्हणाल्या. शेवटची.

मी जिंकून आल्यासारखी गाडीत बसले. क्लचताईने गाडी सुरू केली. टपावर तिच्या स्कूलची पाटी, मागे मी आणि पुढे तिच्या शेजारी रेडिओ.

"पट्टीबाईंना सांगते," क्लचताई म्हणाली, "रोज तास घ्यायला. रविवारीसुद्धा."

"नको," रेडिओ म्हणाली.

"काय नको? अजून चुका होतात म्हणून तर अडतेस."

"आई, तुझ्याकडे अख्खं गाव गाडी शिकलं. मी का नाही शिकले?"

"अभ्यास होता तुझा."

"अभ्यास नव्हता. शिकायला बसले होते मी. मैदानाच्या मागच्या रस्त्यावर. मी काही करायच्या आधी तू तुझ्या बाजूचा ब्रेक दाबायचीस. मी वळायच्या आधी, मी बघायच्या आधी. माझे पाय नुसते ठेवलेले. मग मी उतरले ते पुन्हा बसलेच नाही."

"अगं ट्रक होता समोर!"

"तिथे होता!" रेडिओ ओरडली. कित्येक दिवसांनी तिचा खरा आवाज ऐकला मी. "पट्टीबाईंच्या टेबलावर कुठे आहे ट्रक? चुकीचं बोलले तर कोण मरतं तिथे? सांग ना! कोण मरतं?"

क्लचताईने गाडी कडेला घेतली. मागून हॉर्न वाजले. एरवी हॉर्न वाजवणाऱ्याच्या सात पिढ्या काढणारी बाई, पण आता हात बाहेर काढून त्यांना पुढे जायची खूण करत होती. मी मागे बसून खिडकीबाहेर बघत राहिले. मला मोर्चात दगड चुकवता येतात, पण आई आणि मुलगी यांच्या मधली हवा चुकवता येत नाही.

"त्या टायरवाल्याच्या वर," रेडिओ हळू म्हणाली, "मी चुकत चुकत शेवटपर्यंत पोचले होते. तू जिन्यात ओरडेपर्यंत मला ते भारी वाटत होतं."

गाडी घराकडे वळली नाही. ती टायरच्या दुकानाकडे गेली.

मौनी मास्तराने दार उघडलं, हेडफोन गळ्यात. आम्हाला बघून म्हणाला, "झोपलेलो नाही मी."

क्लचताईने मागे जिन्याकडे बघितलं. तो म्हणाला, "जिन्यातलं वर ऐकू येतं. ऐकणं हेच माझं काम आहे."

दुसरी एखादी असती तर हात जोडले असते, वरमली असती. क्लचताई दारातच ताठ उभी राहिली. "हे बघा मास्तर, मी चुकले असं माझ्या तोंडून वदवून घ्यायचं असेल तर आत्ताच सांगा, मी जाते. माझ्या गाडीत माझंच बरोबर आहे. तिथे मी तुमच्यासारखी गप्प बसले तर उद्या पेपरात फोटो येईल. पण इथे गाडी नाही. इथे तुमचं चालवा."

मास्तराने गळ्यातला हेडफोन काढला. मला वाटतं त्याला हे माफीपेक्षा जास्त आवडलं. "चालवतो," तो म्हणाला. "एक अट. तुम्ही आत बसायचं नाही."

"मी आई आहे तिची!"

"मागच्या वेळी ती अडली की आधी माझ्याकडे बघत नव्हती. तुमच्याकडे बघत होती."

"मी एक शब्दसुद्धा बोलले नव्हते."

"तुमचा पाय बोलत होता. दर वेळी जमिनीवर जोरात पडत होता. माझा पंखा हलायचा."

मला हसू आवरेना. क्लचताईने माझ्याकडे असं बघितलं की मी पायरीवरच थांबले.

मग ती खाली टायरच्या ढिगावर बसू लागली. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ धरणी पाहिलीत, पण एवढी अस्वस्थ बाई बसलेली पाहिली नाही. टायरवाल्याशी तिचं पहिल्याच दिवशी वाजलं. हवा किती भरावी यावरून. त्याने सांगितलं, "ताई, वर पोरगी शिकतेय, खाली मी शिकलेलो आहे. बसा." ती बसली, म्हणजे चार पावलं मारून परत बसली.

सुरुवातीचे तास वाईट गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. रेडिओ खाली आली ती डोळे पुसत. "आज मी गप्प बसले, तर तेसुद्धा गप्प बसले. मी बोलत नाही तोवर ते काही म्हणेनात."

क्लचताई ताडकन उठली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"आई!" रेडिओ म्हणाली. "मी रडतेय. मरत नाहीये."

पाय खाली आला.

हळूहळू त्या खोलीत काय चाललंय ते रेडिओच्या तोंडून कळू लागलं. मास्तर विषय द्यायचा, आणि मग तिच्या विरुद्ध बोलायचा. तरुणांनी गाव सोडून जावं का, म्हाताऱ्यांची कामं यंत्राने करावीत का, असले परीक्षेतले विषय. शब्द अडला तर तो द्यायचा नाही. वाट बघायचा. मग हिने वळसा घालून, दुसऱ्या चार शब्दांतून तिथे पोचायचं. कितीही चुका होवोत, शेवटी तो एकच सांगायचा, जिच्यामुळे ऐकणाऱ्याला उलटं कळलं असतं ती. बाकीच्या सोडून द्यायचा. "ऐकणाऱ्याला कळलं की पुढे चल," तो म्हणायचा. "दुभाषीला मागे जाता येत नाही."

आणि पट्टीबाईंचं काय? मी म्हटलं होतं, त्यांना रामराम करा आता. रेडिओने ऐकलं नाही. ती स्वतः त्यांच्याकडे गेली. क्लचताई आणि मी मागे. पट्टीबाईंना आधी राग आला. "मी माझ्यासमोर चुकीचं बोलू देणार नाही. आयुष्यात दिलेलं नाही."

"नका देऊ," रेडिओ म्हणाली. "मी तुमच्यासमोर बोलणारच नाही. मी लिहून आणीन. कागदावर हवं तेवढं टकटक करा बाई, तोंडावर नको."

पट्टीबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "उद्धट आहेस," त्या म्हणाल्या. "निबंध सोमवारी."

घरात पुन्हा गोंगाट सुरू झाला. मांजरीची रजा संपली. मी दारात पाय ठेवते न ठेवते तोच "मावशी ऐक ना". एकदा ती ओट्यापाशी उभी राहून काहीतरी स्पॅनिशमध्ये तावातावाने सांगत होती आणि क्लचताई भांडी घासत, मान न वळवता म्हणाली, "चुकलीस ना आत्ता? कान ओढलास."

"ओढला. मग?"

"मग काही नाही. विचारलं."

दुसऱ्या चाचणीला तेच सर, तोच जाड भिंगाचा चष्मा, तेच न लागणारं दार. आम्ही बाहेर बाकावर. आतून सरांचा प्रश्न आला आणि रेडिओ बोलू लागली. अडखळली. एक क्षण काहीच आलं नाही. मग ती पुन्हा निघाली, वेगळ्या बाजूने. सर काहीतरी म्हणाले. ती त्यांच्या बोलण्यात शिरली. सर मोठ्याने काहीतरी म्हणाले. ती आणखी मोठ्याने. क्लचताई मला कुजबुजून म्हणाली, "भांडतेय का गं ही?" मी म्हटलं, "भाषा कळत नाही, पण सूर तुझाच आहे."

दार उघडलं. रेडिओचे कान लाल. सर घाम पुसत होते. प्रमुखबाईंनी आम्हाला आत घेतलं. या वेळी खुर्च्या पुरेशा होत्या.

"चुका बऱ्याच करते," सर म्हणाले.

"मग साधाच पेपर बरा," प्रमुखबाई लगेच म्हणाल्या.

"मी वाक्य पुरं केलं नाही. चुका करते, पण थांबत नाही. माझं म्हणणं तिने दोनदा खोडून काढलं. मी मुद्दाम भरकटवत होतो, ती विषयावर परत येत होती. तोंडीत हेच बघतात." ते खुर्चीत मागे टेकले. "चांगली ग्रेड येईलच असं मी लिहून देणार नाही. पण हिला अडवायला कारण नाही माझ्याकडे."

प्रमुखबाईंनी पुन्हा गोड आवाज काढला, आणि या वेळी थेट क्लचताईकडे वळल्या. "बघा, सर स्वतः म्हणताहेत की खात्री नाही. कमी ग्रेड आली तर मुलगी खचेल. साध्या पेपरला हमखास वरची ग्रेड आहे. तुम्ही आई आहात, तुम्हीच काय ते सांगा."

माझ्या जिभेवर अख्खं भाषण तयार होतं. पण मी क्लचताईकडे बघितलं आणि गिळलं. ती दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसली होती.

"मला काय विचारता?" ती म्हणाली. "पेपर माझा आहे का?"

सगळे रेडिओकडे वळले.

"मॅडम, माझं नाव अ‍ॅडव्हान्सला टाका," रेडिओ म्हणाली. "कमी ग्रेड आली तर ती माझ्या नावापुढे लागेल. मला चालेल. साध्या पेपरातल्या वरच्या ग्रेडचं मी करू काय? तिथे कोर्सच नाही."

प्रमुखबाईंनी सुस्कारा सोडला, कागद ओढला आणि नाव लिहिलं. पेनाचा आवाज ऐकू आला तेवढाच. क्लचताई उठायला लागली. मीही उठले. रेडिओ जागची हलली नाही.

"आणि मॅडम, बाकीच्यांचं?"

"बाकीचे कोण?"

"माझ्याबरोबर अ‍ॅडव्हान्सला होते ते. तुम्ही सही घेऊन उतरवलेले. त्यातल्या तिघांना परत यायचंय. मी विचारलंय त्यांना. त्यांचीही चाचणी घ्या."

"अगं, पण त्यांना शिकवणार कोण? वर्षभर तयारी नाही त्यांची. मास्तर कुठून आणायचा?"

क्लचताई अर्धवट उठलेली होती. तिने प्रमुखबाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. आणि माझ्या पायावर पाय न देता म्हणाली, "पुढारीणबाई, आता बोल तू."

मी खुर्ची ओढली, टेबलाच्या अगदी जवळ घेतली आणि बसले. क्लचताईने तिची खुर्ची माझ्या शेजारी आणली. रेडिओनेही आणली. सरांनी घड्याळ बघितलं, उठायचा विचार केला आणि काय वाटलं कोण जाणे, तेही पुन्हा बसले.

"मॅडम," मी म्हटलं, "मास्तर कुठून आणायचा हे पालकांनी शाळेला विचारायचं असतं. तुम्ही उलटं विचारताय. चला, पहिल्यापासून सुरू करू."